प्रेमकथेचे खेळ आणि पार्श्वसंगीत

कथा ऐकतांना माणसाचें मन तींत कशानें गुंततें, हा प्रश्न फार जुना आहे. शब्दांनीं गुंततें हें तर उघडच आहे. चित्र असल्यास चित्रानेंहि गुंततें. परंतु शब्द आणि चित्र यांच्या मागें उभें राहून एक तिसरें साधन आपलें काम मुकाट्यानें करीत असतें, व त्याकडे आपलें लक्ष क्वचितच जातें. तें साधन म्हणजे पार्श्वसंगीत होय. आमच्या विद्यार्थ्यांच्या हातीं अलीकडे मोबाइल व संगणक यांवरील जे नाना प्रकारचे खेळ आले आहेत, त्यांपैकीं एका प्रकारांत या साधनाचें सामर्थ्य विशेष स्पष्ट दिसून येतें. त्या खेळाच्या आधारानें या विषयाचा थोडा अभ्यास करावा, असें आम्हीं योजिलें आहे.

या खेळास व्हिज्युअल नॉव्हेल असें नांव आहे. आपण सोयीसाठीं त्यास चित्रकादंबरी म्हणूं. हा प्रकार मुख्यतः जपानांत वाढला. पडद्यावर एखाद्या शाळेचें, रस्त्याचें किंवा घराचें स्थिर चित्र असतें. त्यावर एका पात्राची आकृति उभी असते. तिचे डोळे, भुवया व ओठ यांत प्रसंगानुसार थोडा फरक केला जातो. खालच्या चौकटींत संवाद लिहिलेला असतो. वाचकानें बोटानें स्पर्श केला कीं पुढचें वाक्य येतें. मधून मधून, हिच्याशीं बोलावें कीं मुकाट्यानें घरीं जावें, असे पर्याय समोर येतात, आणि जो पर्याय निवडावा त्याप्रमाणें कथेची वाट बदलते. येथें धांवाधांव नाहीं, लढाई नाहीं. बहुतेक सारा वेळ वाचण्यांतच जातो. यांपैकीं पुष्कळ कथा प्रीतिविषयक असतात. १९९४ सालीं कोनामी या जपानी कंपनीनें काढलेला ‘तोकिमेकी मेमोरियल’ हा शाळेंतील मुलामुलींच्या प्रीतीचा खेळ त्या देशांत फार गाजला. त्यानंतर २००४ सालीं निघालेली ‘क्लॅनाड’ ही चित्रकादंबरीहि तशीच प्रसिद्धीस आली.

वरकरणीं हा प्रकार नवा व परका वाटतो. पण त्याच्यासारखी रचना आपल्या मातींत पूर्वींपासून आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यांत कुडाळजवळ पिंगुळी नांवाचें गांव आहे. तेथील ठाकर समाजांत चित्रकथीची कला पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. रामायण-महाभारतांतील एकेका आख्यानाचीं चित्रें रंगवून त्यांचा संच केलेला असतो. त्या संचास पोथी म्हणतात. कथा सांगणारा एकेक चित्र प्रेक्षकांपुढें धरितो, त्यांतील प्रसंग गाऊन व बोलून सांगतो, आणि वीणा, टाळ व हुडूक यांची साथ चाललेली असते. एक प्रसंग संपला कीं तें चित्र बाजूस होतें व दुसरें पुढें येतें. ही कला जतन करणारे श्री. परशुराम गंगावणे यांस २०२१ सालीं पद्मश्री हा किताब जाहीर झाला. आतां चित्रकथी व चित्रकादंबरी यांची तुलना करून पाहा. स्थिर चित्र, कथेचे शब्द आणि मागची साथ हीं तिन्ही अंगें दोहोंतहि सारखींच आहेत. चित्र स्वतः हलत नाहीं; तें सजीव झाल्यासारखें वाटतें, तें पुष्कळसें साथीमुळें.

चित्रें नसलीं तरीहि साथीचें हें कार्य कसें चालतें, हें पाहावयास आपल्या बुलढाणा जिल्ह्याबाहेर जाण्याचें कारण नाहीं. मेहकर असो, चिखली असो, देऊळगांव राजा असो कीं शेगांव असो, कीर्तन न ऐकलेला मनुष्य आपल्या भागांत विरळाच. त्यांत रुक्मिणीस्वयंवराचें आख्यान तर आपल्या विदर्भाचेंच. कौंडिण्यपुराची राजकन्या श्रीकृष्णास मनानें वरिते. बंधु रुक्मी तिला शिशुपालास देऊं पाहतो. ती सुदेव ब्राह्मणाच्या हातीं पत्र पाठविते आणि उत्तराची वाट पाहत बसते. कीर्तनकार ही प्रतीक्षा वर्णूं लागले म्हणजे पेटीवाल्याकडे लक्ष द्यावें. तो स्वतः पुढें येत नाहीं. बुवा बोलत असतां तो एखादा सूर हलक्या हातानें धरून ठेवितो. बुवा क्षणभर थांबले तर त्या थांबण्यांत तो रितेपणा येऊं देत नाहीं. सुदेव परत आला असें शब्द निघतांच तबल्यावर थाप पडते, आणि श्रोते सावरून बसतात. राजकन्येची चिंता शब्दांनीं सांगितली. पण ती चिंता किती वेळ चालली हें सुरानें सांगितलें. पार्श्वसंगीताचें पहिलें कार्य हेंच होय: तें कथेला काळ देतें.

चित्रकादंबरींत या कार्याची गरज अधिकच असते, व त्याचें कारण समजून घेण्यासारखें आहे. मूकपटाच्या काळीं, म्हणजे दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ सालीं मुंबईस लागला त्या सुमारास व पुढें कित्येक वर्षें, चित्रगृहांत पेटी-तबलेवाले पडद्याकडे पाहत पाहत वाजवीत. पुढें बोलपट आला, आणि संगीत चित्रफितीलाच जोडलें गेलें. तेथें अमुक दृश्य इतके सेकंद चालणार हें आधींच ठरलेलें असतें. संगीतकार त्या मापानें धून बेतून देतो. चित्रकादंबरींत असें माप घेतां येत नाहीं. एक वाचक एक पान वीस सेकंदांत वाचतो, दुसऱ्यास दोन मिनिटें लागतात. तिसरा मध्येंच उठून पाणी पिऊन येतो. वाचक केव्हां बोट ठेवील हें संगीतकारास ठाऊक नसतें. म्हणून त्याला अशी धून बांधावी लागते, कीं जिचा शेवट तिच्याच आरंभाशीं बेमालूम जुळेल आणि जी कितीहि वेळां फिरली तरी कानांस टोंचणार नाहीं.

तबल्याचें एकल वादन ज्यांनीं ऐकलें आहे त्यांस ही युक्ति ओळखीची वाटेल. तबलजी कायदे, रेले, तुकडे वाजवीत असतां पेटीवर किंवा सारंगीवर एक लहानशी धून सारखी फिरत असते. तिला लेहरा म्हणतात. लेहरा समेवर येऊन पुन्हां तेथूनच निघतो. ऐकणाऱ्याचें लक्ष तबल्याकडे असतें, पण सगळा डोलारा लेहऱ्यावर उभा असतो. चित्रकादंबरींतील धून म्हणजे वाचकासाठीं धरलेला लेहराच होय. फरक इतकाच, कीं कीर्तनांतील पेटीवाला बुवांच्या मुखाकडे पाहून वाजवितो आणि यंत्रांतील धून वाचकाच्या बोटाची वाट पाहते.

आतां या धुनेमुळें वाचक कथेंत अधिक तल्लीन होतो हें केवळ आपलें मत आहे कीं त्यास कांहीं प्रमाण आहे? प्रमाण आहे. १९४४ सालीं हायडर व सिमेल या दोन मानसशास्त्रज्ञांनीं एक छोटा चित्रपट तयार केला होता. त्यांत माणसें नव्हतीं. एक मोठा त्रिकोण, एक लहान त्रिकोण व एक वर्तुळ इतक्याच आकृति एका चौकोनी घराभोंवतीं फिरत होत्या. तरीहि पाहणाऱ्यांनीं त्यांची कथा रचली. मोठा त्रिकोण दांडगा आणि लहान त्रिकोण व वर्तुळ हें प्रेमी युगुल, असें कित्येकांस वाटलें. पुढें १९८८ सालीं सँड्रा मार्शल व ॲनाबेल कोहेन या विदुषींनीं अशाच चित्रपटास निरनिराळें संगीत जोडून तो लोकांस दाखविला. चित्र तेंच, हालचाली त्याच. पण संगीत बदलतांच त्या आकृतींच्या स्वभावाविषयींचीं मतें बदललीं. भूमितीच्या आकृतीहि संगीतानें बऱ्यावाईट होतात, मग डोळे-ओंठ असलेल्या नायिकेविषयीं काय सांगावें!

स्थिर चित्रांवरहि प्रयोग झालेले आहेत. झुरिच येथील संशोधकांनीं २००६ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत आनंदाचीं, दुःखाचीं व भीतीचीं छायाचित्रें लोकांस दाखविलीं. एकदां नुसतीं, आणि एकदां त्या त्या भावनेस अनुरूप संगीताबरोबर. संगीताबरोबर पाहतांना भावना अधिक तीव्रतेनें जाणवली. उलट पक्षीं, कोणतेंहि संगीत घातलें म्हणजे झालें असेंहि नाहीं. सँडर्स व केर्न्स या इंग्रज संशोधकांनीं २०१० सालीं खेळ खेळतांनाच्या तल्लीनतेवर प्रयोग केले. त्यांवरून दिसून आलें, कीं संगीत कोणतें निवडलें आहे व तें खेळणाऱ्यास रुचतें कीं नाहीं यावर पुष्कळ अवलंबून असतें. न रुचणारें संगीत मनुष्यास कथेबाहेर ढकलतें.

याचें कारण असें दिसतें. डोळा मिटतां येतो, कान मिटतां येत नाहींत. वाचतांना आपली बुद्धि अक्षरांत गुंतलेली असते. अशा वेळीं कानावर येणाऱ्या सुरांची झडती घेण्यास ती मोकळी नसते. सूर तसेच आंत जातात. ते बाहेरचा गलबला झांकतात, दोन वाक्यांमधील पोकळी भरून काढितात, आणि पुढें काय येणार याची चाहूल शब्दांच्या आधीं देतात. म्हणूनच या खेळांत वाचनाच्या वेळीं बहुधा नुसत्या वाद्यांची धून असते. शब्द असलेलें गाणें प्रायः आरंभीं किंवा शेवटीं ठेवितात. गाण्यांतील शब्द व चौकटींतील शब्द एकाच वेळीं आले, तर दोहोंची झोंबी लागते आणि वाचन बिघडतें.

प्रीतिकथेंत संगीताकडे आणखी एक काम सोंपविलेलें असतें, तें म्हणजे ओळख पटविण्याचें. एखाद्या पात्राची एक धून ठरवून देतात. तें पात्र आलें कीं ती धून येते. पुढें पुढें पात्र पडद्यावर नसतांना नुसती धून वाजली तरी त्याची आठवण होते. ‘क्लॅनाड’मध्यें नागिसा नांवाची अशक्त प्रकृतीची, लाजाळू मुलगी नायिका आहे, त्या खेळांतील एका धुनेस तिचेंच नांव दिलेलें आहे. विशेष हें, कीं जुन माएदा हे त्या कथेचे एक प्रमुख लेखक आणि तेच तिच्या संगीतकारांपैकींहि एक. शब्द कोठें थांबावे व सूर कोठें सुरू व्हावा हें एकाच मनानें ठरविलें म्हणजे दोहोंत बेबनाव राहत नाहीं.

दुसरें उदाहरण आपणांस अधिक जवळचें वाटेल. ऑस्ट्रेलियांतील मेलबर्न येथील एका मंडळीनें २०१८ सालीं ‘फ्लॉरेन्स’ नांवाची एक छोटी प्रेमकथा मोबाइलसाठीं काढिली. तिला केव्हिन पेंकिन यांनीं संगीत दिलें आहे. तिच्यांत लिहिलेला संवाद जवळजवळ नाहींच. फ्लॉरेन्स ही कचेरींत काम करणारी तरुणी. क्रिश हा मूळचा भारतीय तरुण, सेलो नांवाचें मोठ्या व्हायोलिनसारखें वाद्य वाजविणारा. एके दिवशीं रस्त्यानें जातां जातां तिच्या कानीं सेलोचे सूर येतात. त्या सुरांच्या मागोमाग ती जाते, आणि तेथें तिला क्रिश दिसतो. पुढें संगीतांत पियानो हें तिचें वाद्य होतें व सेलो हें त्याचें. त्यांचें बोलणें तुकडे जुळविण्याच्या कोड्यासारखें दाखविलें आहे: प्रथम भेटींत तुकडे पुष्कळ, ओळख वाढत जाते तसे ते कमी होत जातात. शेवटीं दोघांची ताटातूट होते आणि फ्लॉरेन्स आपल्या आवडीच्या चित्रकलेकडे वळते. शब्दांवांचून एवढी कथा समजते, तिचें पुष्कळसें श्रेय त्या दोन वाद्यांस आहे.

परंतु संगीताचें मोल संगीत असण्यांतच आहे असें कोणी समजूं नये. त्याच्या नसण्यांतहि आहे. या बाबतींत आपल्या मराठी चित्रपटांनीं एक मोठा धडा घालून दिला आहे. प्रभात कंपनीचा ‘कुंकू’ हा चित्रपट १९३७ सालीं निघाला. त्याचे दिग्दर्शक व्ही. शांताराम, कथा ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून घेतलेली. संगीत आपल्या वऱ्हाडांतील अमरावतीस जन्मलेले केशवराव भोळे यांचें. नीरा नांवाच्या तरुण मुलीचें फसवणुकीनें एका वृद्ध वकिलाशीं लग्न लावून दिलें जातें, व ती तें मानण्याचें नाकारते. या चित्रपटांत गाणीं आहेत. परंतु प्रसंगांच्या मागें पार्श्वसंगीत मुळींच ठेविलें नाहीं. घड्याळाची टिकटिक, घरांतले व रस्त्यावरचे आवाज, एवढ्यांवरच भागविलें आहे. ज्या लग्नांत प्रीति नाहीं त्यास गोड सुरांचें पांघरूण घालावयाचें नाहीं, असाच जणूं त्या मंडळींचा निश्चय होता. प्रेक्षकानें नीरेविषयीं काय वाटून घ्यावें हें तेथें कोणी कानांत सांगत नाहीं. त्यास स्वतःलाच ठरवावें लागतें.

चांगल्या चित्रकादंबरींतहि हीच रीति आढळते. नायक-नायिकेचें निर्णायक बोलणें आलें कीं चाललेली धून एकाएकीं थांबते. आतांपर्यंत आपण धून ऐकत होतों हें वाचकास त्याच वेळीं प्रथम कळतें. मग तो पुढचें वाक्य अधिक सावधपणें वाचतो. उलट, सुमार खेळांत धून कधींच थांबत नाहीं. प्रसंग फिका, संवाद पोकळ, आणि व्हायोलिन मात्र रडत असतें. तेथें डोळ्यांत पाणी आलें तरी तें कथेनें आणिलेलें नसून व्हायोलिननें आणिलेलें असतें. हा भेद ओळखतां येणें हेंच या अभ्यासाचें फळ होय.

तो ओळखण्यासाठीं विद्यार्थ्यांनीं घरच्या घरीं तीन सोपे प्रयोग करून पाहावे. पहिला: अशा खेळांतील किंवा एखाद्या चित्रपटांतील एक प्रसंग आवाज बंद करून पाहा, आणि पात्राच्या मनांत काय चाललें आहे तें दोन ओळींत लिहा. मग तोच प्रसंग आवाजासह पाहून पुन्हां लिहा. दोन्ही उत्तरांत जितकें अंतर पडेल तितकें काम संगीतानें केलें, असें समजावें. दुसरा: एकाच परिच्छेदाचें वाचन दोन भावंडांपुढें करा, एकदां मागें पेटीवर भूपाचे सूर हळूच धरा व एकदां भैरवीचे. कोणास काय वाटलें तें निरनिराळें लिहून घ्या. एकमेकांचें उत्तर ऐकूं देऊं नका, नाहींतर प्रयोग बिघडेल. तिसरा: गांवांत कीर्तन असेल तेव्हां एक पूर्ण आख्यान केवळ साथीकडे लक्ष ठेवून ऐका, आणि पेटी व तबला कोठें थांबले त्या जागा ध्यानांत ठेवा. थांबण्याच्या जागा ज्यास कळल्या त्यास वाजविण्याच्या जागाहि कळल्याच.

पालकांसहि दोन शब्द सांगणें अवश्य वाटतें. प्रीतिकथेचे सर्वच खेळ विद्यार्थ्यांच्या वयास योग्य नसतात. कांहीं केवळ प्रौढांसाठीं केलेले असतात. खेळाबरोबर वयोमर्यादा सांगितलेली असते, ती आधीं पाहावी. दुसरें असें, कीं मोबाइलवरील कांहीं प्रेमकथांचे खेळ फुकट म्हणून मिळतात, पण त्यांतील चांगला पर्याय निवडण्यास पैसे मागतात. नायिका दाराशीं उभी आहे, धून चढत चालली आहे, आणि तिला थांबवावयाचें तर इतके रुपये पडतील असें पडद्यावर येतें! अशा वेळीं मुलाचा हात खिशाकडे जातो, तो कथेच्या ओढीनें कीं सुरांच्या, हें त्याचें त्यासहि कळत नाहीं. नुसतें रागावून मोबाइल काढून घेतल्यानें हें कळावयाचें नाहीं. एक दिवस मुलाजवळ बसावें, आवाज बंद करावा, आणि ‘आतां हीच गोष्ट तुला कशी वाटते?’ असें शांतपणें विचारावें. आपल्या वडीलधाऱ्यांनाहि रुक्मिणीच्या पत्रानें गहिंवरून येत होतें हें आठवलें, म्हणजे मुलाच्या गहिंवराचा उपहास होणार नाहीं. तो गहिंवर खोटा नसतो. तो कोणी आणिला एवढेंच पाहावयाचें असतें.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. ज्या वयांत प्रीति, मैत्री, रुसवा, विरह या भावनांची मनास प्रथम ओळख होते, त्याच वयांत हे खेळ मुलांच्या हातीं येतात. कथेंत कोण दुःखी आहे, कोण खरें बोलत आहे, निरोपाची घटका आली कीं नाहीं, हें सारें तेथें धून सांगते. प्रत्यक्ष जीवनांत अशी धून कोणी वाजवीत नाहीं. बाकावर शेजारीं बसलेला मित्र मनांत कुढत असेल तर मागें सारंगी वाजत नाहीं. आई थकून ओट्याशीं उभी असते तेव्हां घरांत केवळ कुकरची शिटी ऐकूं येते. कोणी गोड बोलून फसवूं लागला तर भीतीचा ढोलहि वाजत नाहीं. तेथें आपल्यालाच समोरच्याचे शब्द नीट ऐकावे लागतात, मुखाकडे पाहावें लागतें, आणि त्याच्या थांबण्याचा अर्थ लावावा लागतो. कीर्तनांतील पेटीवाला जसा बुवांकडे डोळे लावून बसतो, तसें आपणांस आपल्या माणसांकडे लक्ष लावून बसतां आलें, तर संगीताचा हा अभ्यास खऱ्या अर्थानें फळास आला असें आम्ही समजूं.